पार्किंग अधिक चार, आणि खाली सही कोणाची?

दुसऱ्याने केलेल्या ड्रॉइंगवर नव्या सिव्हिल इंजिनिअरने सही करावी का, याचं हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. माणसं आणि गाव ओळखू येऊ नये म्हणून अनेक ठिकाणचे तपशील एकत्र जुळवले आहेत. नियम आणि अडचणी मात्र नव्या सिव्हिल इंजिनिअरला रोज भेटणाऱ्याच आहेत.

सोलापूर जिल्ह्यातलं नगरपरिषदेचं एक गाव. तिथली मुलगी २०२२ साली बी.ई. सिव्हिल झाली आणि पुण्यात एका आरसीसी (सळई घातलेल्या काँक्रीटच्या सांगाड्याचं डिझाइन करणाऱ्या) कन्सल्टंटच्या ऑफिसात लागली. दोन वर्षं चार महिने झाले, पगार २४ हजार. दिवसभराचं काम म्हणजे ईटॅब्स या सॉफ्टवेअरमध्ये इमारतीचं मॉडेल करणं, स्लॅब-बीमची शीट भरणं आणि ऑटोकॅडमध्ये सळईचं डिटेलिंग. साइटवर जाणं क्वचितच. वडील गवंडीकामापासून वर आलेले, आता लहान घरांचे ठेके घेतात.

वडिलांच्या ओळखीतल्या एका बिल्डरने विषय काढला. भूखंड ४५० चौरस मीटर, पार्किंग अधिक चार मजले. नकाशे तयार आहेत, आरसीसी ड्रॉइंगही ‘कुणाकडून तरी’ करून आणलेली आहेत. मुलीने परवाना काढायचा आणि फाइलवर डिझाइन व देखरेख अशा दोन्ही ठिकाणी सही करायची. बदल्यात चाळीस हजार, आणि पुढच्या फाइलीही तिच्याचकडे. वडील म्हणाले, “अगं, ड्रॉइंग तयारच आहे. तुला फक्त सही करायचीय.”

त्याच महिन्यात तिच्यापुढे आणखी तीन वाटा होत्या. एका महामार्गाच्या ठेकेदाराकडे साइट इंजिनिअरची नोकरी, पगार ३८ हजार आणि राहण्याची सोय. गेट ही प्रवेश परीक्षा देऊन एम.टेक. स्ट्रक्चर. किंवा नोकरी सोडून एमपीएससीची तयारी. बिल्डरला आठवड्यात उत्तर हवं होतं. खरं तर एवढी घाई हीच धोक्याची पहिली खूण होती.

आधी कायद्याचं बोलू, कारण इथे बऱ्याच जणांचा गोंधळ असतो. वास्तुविशारदांसाठी १९७२ चा केंद्रीय कायदा आहे, वकील आणि डॉक्टरांसाठीही आहेत. सिव्हिल इंजिनिअरला देशभर लागू असलेला असा परवान्याचा कायदा नाही. बी.ई. झालेला माणूस इंजिनिअर म्हणवून घेऊ शकतो. पण बांधकाम परवानगीच्या कागदावर सही करण्याचा अधिकार त्याला स्थानिक नियोजन प्राधिकरणाकडून, म्हणजे महानगरपालिका, नगरपरिषद किंवा प्रादेशिक प्राधिकरणाकडून घ्यावा लागतो. बृहन्मुंबई आणि काही विशेष क्षेत्रं सोडली तर महाराष्ट्रात यासाठी डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर लागू आहे. कोणी कशावर सही करायची हे तिच्या परिशिष्ट ‘सी’मध्ये दिलं आहे.

त्यात तीन दारं आहेत. पहिलं पर्यवेक्षकाचं. हे आयटीआय ड्राफ्ट्समन आणि डिप्लोमावाल्यांसाठी आहे आणि लहान भूखंडांपुरतं आहे. दुसरं परवानाधारक अभियंत्याचं. पदवीधराला हे पदवीच्या बळावर मिळू शकतं, डिप्लोमावाल्याला दोन वर्षांचा अनुभव लागतो. हा अभियंता परवानगीचे सगळे नकाशे सादर करू शकतो, देखरेखीचा आणि पूर्णत्वाचा दाखला देऊ शकतो. शिवाय ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर, पाच मजले किंवा १६ मीटर उंचीपर्यंतच्या इमारतीचं स्ट्रक्चरल डिझाइनही त्याच्या सहीने चालतं. तिसरं संरचना अभियंत्याचं. त्यासाठी पदवी, इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सचं सहयोगी सभासदत्व किंवा चार्टर्ड इंजिनिअरचा दर्जा, आणि डिझाइन व फील्ड अशा दोन्ही कामांचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. स्ट्रक्चरमध्ये पदव्युत्तर पदवी असेल तर दोन वर्षं पुरतात, डॉक्टरेट असेल तर एक.

आता बिल्डरची इमारत बघा. पार्किंग २.८ मीटर आणि २.९ मीटरचे चार मजले मिळून १४.४ मीटर होतात. पार्किंग धरून मजले पाच, भूखंड ४५० चौरस मीटर. म्हणजे इमारत दुसऱ्या दाराच्या मर्यादेत नेमकी बसते. हा योगायोग नाही. लहान गावातल्या बऱ्याच इमारती या मर्यादेला टेकवूनच आखल्या जातात, म्हणजे संरचना अभियंत्याचं शुल्क वाचतं. भूखंड ५०० चौरस मीटरच्या आत असल्यामुळे महारेरा या गृहप्रकल्प नियामकाची नोंदणीही लागत नाही, म्हणजे तपासणारा आणखी एक डोळा कमी. तेव्हा कायद्याच्या भाषेत मुलगी उद्या परवाना काढून सही करू शकते. प्रश्न एवढाच उरतो की कशावर.

तिने ड्रॉइंग मागवली आणि रविवारी बसून वाचली. प्रकरणातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय हाच होता. नाही म्हणायला कारण लागतं, आणि ते ड्रॉइंगमध्येच सापडतं.

सोळा कॉलम, सगळे २३० बाय ४५० मिलिमीटरचे. हा २३० आकडा नऊ इंची विटेच्या भिंतीतून आला आहे. कॉलम भिंतीत लपला की फ्लॅट घेणारा खूश. पण सोलापूर भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात येतं आणि तिथे आयएस १३९२० हे भूकंपात टिकणाऱ्या आरसीसी बांधकामाचं मानक पाळणं बंधनकारक आहे. त्या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार कॉलमची कोणतीही बाजू ३०० मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. म्हणजे सोळाच्या सोळा कॉलम नियमाबाहेर. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या टिपांमध्ये मात्र ‘आयएस १३९२० प्रमाणे’ असं छापलेलं होतं. टिपा जुन्या फाइलीतून उचललेल्या, आकारही जुन्याच फाइलीतले.

रिंगांचं, म्हणजे उभ्या सळयांभोवती बांधायच्या आडव्या कड्यांचं, असंच. कॉलमच्या दोन्ही टोकांना, बीमच्या जोडाजवळ, रिंगांमधलं अंतर तीन अटींपैकी जी कडक असेल तिने ठरतं: कॉलमच्या लहान बाजूचा चौथा हिस्सा, सगळ्यात बारीक उभ्या सळईच्या व्यासाची सहापट, किंवा १०० मिलिमीटर. कॉलम ३०० चा केला आणि उभी सळई १६ ची धरली तर आकडे येतात ७५, ९६ आणि १००. म्हणून ७५. ड्रॉइंगमध्ये वरपासून खालपर्यंत सरसकट १५० लिहिलेलं. रिंगेचं टोक १३५ अंशात आत वळवून पुढे सळईच्या व्यासाची सहापट, पण किमान ६५ मिलिमीटर सोडायचं असतं. ८ च्या रिंगेला सहापट म्हणजे ४८, तेव्हा ६५ लागू होतं. फिटर लोक ९० अंशातच दुमडतात, कारण १३५ ला हात जास्त लागतो आणि बाजूच्या सळईत अडकतं. भूकंपात कॉलमचं कव्हर, म्हणजे सळईवरचं काँक्रीट, उडालं की ९० ची रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर वाकतात. पार्किंगच्या मजल्यावर हे आधी होतं. तिथे भिंती नाहीत आणि वरच्या चार मजल्यांवर आहेत, त्यामुळे हलण्याचा सगळा भार खालच्या कॉलमवर येतो. अशा उघड्या तळमजल्यासाठी आयएस १८९३ या भूकंपरोधक डिझाइनच्या मानकात वेगळ्या तरतुदी आहेत: निवडक गाळ्यांत आरसीसी भिंत किंवा ब्रेसिंग. ड्रॉइंगमध्ये यांपैकी काहीच नव्हतं.

पायाच्या शीटवर मातीची भारक्षमता चौरस मीटरला ‘२० टन’ गृहीत धरलेली. सोबत मातीचा अहवाल नाही. सोलापूरकडच्या काळ्या मातीत मुरूम किती खोलीवर लागतो हे प्लॉटगणिक बदलतं. शेजारच्या प्लॉटवर दीड मीटरवर लागला म्हणून इथेही लागेल असं नाही. दोन खड्डे घेऊन बघायला एक दिवस जातो.

बिल्डरचा आक्षेप खर्चाचा असणार, म्हणून तोही हिशेब मांडू. कॉलम २३० चा ३०० केला तर प्रत्येक कॉलमच्या आडव्या छेदात ०.०७ गुणिले ०.४५, म्हणजे ०.०३१५ चौरस मीटर वाढतात. पायापासून गच्चीपर्यंत १६ मीटर धरले तर कॉलममागे साधारण अर्धा घनमीटर, सोळा कॉलमना आठ घनमीटर. काँक्रीट घनमीटरला सहा हजारांनी धरलं तरी ४८ हजार होतात. रिंगांची जादा सळई आणि थोडं शटरिंग मिळवलं तरी पार्किंग अधिक चारच्या एकूण खर्चात हा आकडा कुठे दिसणारही नाही. खरी अडचण दुसरीच असते. कॉलम भिंतीबाहेर ७० मिलिमीटर येतो, आणि भिंत दीडशेच्या हलक्या ब्लॉकची असेल तर दीडशे. त्यावर उपाय कॉलम बारीक करणं हा नाही. काही कॉलम फिरवायचे, काही कपाटाच्या किंवा डक्टच्या मागे घ्यायचे, आणि पार्किंगमध्ये गाडीची २.५ बाय ५ मीटरची जागा मोकळी राहते का ते आधीच बघायचं. हे काम नकाशा ठरत असताना नकाशाकार आणि स्ट्रक्चरवाला एका टेबलावर बसले तरच होतं. नकाशा पक्का झाल्यावर आरसीसीवाल्याकडे ‘साइज काढून द्या’ म्हणून आलेल्या फाइलीत ते होत नाही, आणि बहुतेक फाइली तशाच येतात.

आता देखरेखीची सही. लोकांना ही सोपी वाटते, पण मला ती डिझाइनच्या सहीपेक्षा जास्त धोक्याची वाटते. या इमारतीवर इंजिनिअरने किमान किती वेळा हजर राहायला हवं? पायाचा खड्डा तळापर्यंत झाल्यावर एकदा, फुटिंगची जाळी बांधल्यावर एकदा, प्लिंथ बीमला एकदा. पाच स्लॅब, प्रत्येक ओतण्याआधी एकदा. प्रत्येक मजल्याचे कॉलम शटरिंग लागण्याआधी एकदा, हेही पाच. झाले तेरा, आणि यात काही बिघडलं म्हणून परत जाणं धरलेलं नाही. पुणे ते सोलापूर अडीचशे किलोमीटर. स्लॅबचा दिवस सेंटरिंगवाला (स्लॅबखालचा साचा आणि टेकू लावणारा) ठरवतो, तोही आदल्या संध्याकाळी. पुण्यात नोकरी करणारी मुलगी तेरा वेळा पोचणार नाही, आणि हे बिल्डरलाही ठाऊक असतं. त्यामुळे ‘देखरेख केली’ ही सही पहिल्याच दिवशी खोटी ठरणार होती.

पोचली तरी बघायचं काय, हे लिहून ठेवलेलं बरं. मजला साधारण २२० चौरस मीटर, स्लॅब १२५ मिलिमीटर. स्लॅबचं काँक्रीट २७.५ घनमीटर, बीमचं दहाएक, मिळून सदतीसच्या आसपास. आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकाप्रमाणे ३१ ते ५० घनमीटरला चार नमुने, नमुन्याला तीन क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे), म्हणजे बारा क्यूब २८ दिवसांसाठी. सात दिवसांचा अंदाज हवा असेल तर त्याचे वेगळे. गावात बहुतेक साइटवर तीन क्यूब भरतात आणि तेही मिक्सरचा पहिला चांगला माल बघून. सेंटरिंग काढण्याची घाई हा दुसरा नेहमीचा घोळ. साध्या सिमेंटला साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवस, त्याहून मोठ्याला चौदा. सहा मीटरपर्यंतच्या बीमचे चौदा, पुढे एकवीस. प्लेटा दुसऱ्या साइटवर हव्या असतात म्हणून पाचव्या दिवशी बीमखालचे टेकूही निघतात. रजिस्टरमध्ये ‘टेकू अमुक तारखेपर्यंत काढू नयेत’ असं लिहून ठेकेदाराची सही घेतलेली असेल तर नंतर बोलायला जागा राहते. फोनवर सांगितलेलं कुणाला आठवत नाही.

अशा सहीचं पुढे काय होऊ शकतं, याचं उदाहरण लांबचं नाही. २४ ऑगस्ट २०२० ला महाडमध्ये तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि सोळा माणसं गेली. इमारत जेमतेम सात-आठ वर्षांची होती. गुन्हा दाखल झाला त्यात बिल्डरबरोबर आरसीसी कन्सल्टंट, वास्तुविशारद आणि नगरपरिषदेशी संबंधित अधिकारीही होते. अशा वेळी पोलीस फाइल उघडतात आणि सह्या बघतात. ‘ड्रॉइंग दुसऱ्याचं होतं, मी फक्त सही केली’ हे वाक्य तिथे बचाव ठरत नाही, उलट कबुली ठरतं.

म्हणून बिल्डरला नकार द्यायचा हे ठरलं. पण नुसता नकार दिला असता तर वडिलांचा शब्द खाली पडला असता, आणि गावात त्याची किंमत असते. तिने एका पानाचं पत्र लिहिलं: कॉलमची लहान बाजू ३०० पेक्षा कमी आहे, रिंगांचं अंतर जास्त आहे, पार्किंग मजल्याची वेगळी तपासणी दिसत नाही, मातीचा अहवाल नाही, या चार गोष्टी संरचना अभियंत्याकडून दुरुस्त करून घ्याव्यात, देखरेखीला स्थानिक परवानाधारक नेमावा. सोबत जवळच्या शहरातल्या एका संरचना अभियंत्याकडे जाण्याचा सल्ला. बिल्डर नाराज झाला, पण वडिलांच्या हातात दाखवायला कागद आला. ‘पोरीला जमत नाही’ असं म्हणायची सोय राहिली नाही.

उरलेल्या तीन वाटांपैकी दोनबद्दल थोडक्यात.

एमपीएससीमध्ये वाईट काही नाही. पण अभ्यासाची वर्षं अनुभवात मोजली जात नाहीत, आणि निवड झाली तर सरकारी नोकराला खाजगी व्यवसाय करता येत नाही, म्हणजे परवान्याचा प्रश्नच संपतो. ज्याला सरकारी सेवाच हवी आहे त्याने लगेच बसावं. परवाना आणि स्पर्धा परीक्षा ‘दोन्ही बघू’ म्हणणाऱ्याचे तिशीपर्यंत दोन्ही अर्धवट राहतात, असं दिसतं. एम.टेक.चा हिशेब आणखी सरळ आहे. पदव्युत्तर पदवीने अनुभवाची अट तीनवरून दोन वर्षांवर येते. हिच्याकडे दोन वर्षं चार महिने आधीच आहेत. आठ महिने वाचवायला दोन वर्षं द्यायची, तर परवान्यापुरता हा सौदा तोट्याचा. गेटवर प्रवेश मिळाला तर महिना १२,४०० विद्यावेतन मिळतं, तेवढ्यावर शहरात दोन वर्षं काढायची. उंच इमारती, पूल, भूकंपाचं खोल काम यांत रस असेल तर एम.टेक. जरूर करावं, पण ते शिकण्यासाठी. पंधरा वर्षांनी मोठ्या कन्सल्टन्सीत कोण कुठे पोचतं यात ती पदवी दिसते, हेही खरं.

महामार्गाच्या नोकरीवर मात्र जरा थांबायला हवं, कारण चौदा हजारांचा फरक लहान नाही. घरावर कर्ज असेल, भाऊ शिकत असेल, तर ती घेण्यात काहीच गैर नाही. फक्त काय मिळतं आणि काय सुटतं हे माहीत असावं. मिळतं ते माणसं हाताळणं, मोजमाप पुस्तक, बिलं, यंत्रांचा हिशेब. पुढे ठेकेदार म्हणून नोंदणी करायची असेल तर याहून चांगली शाळा नाही. सुटतं ते इमारतीच्या स्ट्रक्चरल डिझाइनचं काम. महामार्गावरची दोन वर्षं ‘साइट इंजिनिअर, मातीकाम व डांबरीकरण’ अशी लिहून आली तर संरचना अभियंत्याच्या अर्जात त्यांचा उपयोग होत नाही, आणि आधीची दोन वर्षं चार महिने तशीच लोंबकळत राहतात. उलट तिला हवा असलेला फील्डचा अनुभव इमारतीच्या साइटवरून यायला हवा. पुण्यात अशा साइट्सची वाण नाही, आणि तिच्याच ऑफिसची ड्रॉइंग तिथे जातात.

त्यामुळे निर्णय असा झाला की ऑफिस सोडायचं नाही, पण कामाची वाटणी बदलून घ्यायची. तिने कन्सल्टंट सरांना थेट विचारलं: आठवड्यातले दोन अर्धे दिवस स्लॅब तपासणीला पाठवाल का? सर लगेच हो म्हणाले. त्यात आश्चर्य नाही. स्लॅबची सळई तपासायला सकाळी सातला जायला ज्युनिअर तयार नसतात, आणि सरांना स्वतःला जावं लागतं. पगारवाढ मागितली असती तर कदाचित इतक्या सहज मिळाली नसती.

आता कागद. अनुभव असतो आणि सिद्ध होत नाही, हे या टप्प्यावरचं सर्वांत मोठं दुखणं आहे. ऑफिसकडून मिळणारा नेहमीचा दाखला असा असतो: ‘यांनी आमच्याकडे अमुक काळ ज्युनिअर इंजिनिअर म्हणून काम केले. वर्तणूक चांगली होती.’ नगररचना विभागातला माणूस यात डिझाइन कुठे आणि फील्ड कुठे असं विचारतो आणि फाइल परत येते. तोवर ऑफिस बदललेलं असतं, सरांचा फोन लागत नाही. म्हणून दाखला नोकरीत असतानाच, दर वर्षी घ्यावा. लेटरहेडवर जावक क्रमांक आणि तारीख हवी, रुजू झाल्याची नेमकी तारीख हवी, देणाऱ्याचा स्वतःचा परवाना क्रमांक हवा. मजकूर असा: ‘यांनी माझ्या मार्गदर्शनाखाली दिनांक अमुक ते तमुक या काळात पुढील इमारतींचे भारगणित, विश्लेषण, आरसीसी डिझाइन व डिटेलिंगचे काम केले, तसेच पुढील तारखांना कार्यस्थळी सळई व काँक्रीटची तपासणी केली.’ खाली इमारतींची यादी: भूखंडाचं क्षेत्र, मजले, उंची, परवानगी क्रमांक, या व्यक्तीने नेमकं काय केलं. सहा-सात इमारती पुरतात. तीस नावं दिली की कुणीच वाचत नाही आणि संशय येतो.

ही यादी आठवून करता येत नाही. त्यासाठी वही लागते. तारीख, इमारत, काय तपासलं, काय चुकलं, कोणाला सांगितलं, एवढ्या पाच रकान्यांची. फोटो फोनमध्ये राहू देऊ नयेत; इमारतीच्या नावाच्या फोल्डरमध्ये तारखेनिशी टाकावेत. पगाराच्या पावत्या, बँकेतली जमा आणि आयकराचा फॉर्म १६ किंवा २६ एएस हेही सांभाळावेत. रोखीने पगार देणाऱ्या ऑफिसातल्या मुलांचा अनुभव इथेच कच्चा पडतो.

दुसरी राहून गेलेली गोष्ट म्हणजे सभासदत्व. तीन वर्षं झाली, अर्ज भरायला बसली आणि इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सचा सभासद क्रमांकच नाही, असं सर्रास होतं. पदवीधराला सहयोगी सभासदत्वासाठी परीक्षा द्यावी लागत नाही. पदवी, गुणपत्रकं, ओळख आणि फी. पण प्रक्रियेला वेळ लागतो. तिने तो अर्ज त्याच महिन्यात भरला. पदवी प्रमाणपत्रावरचं नाव आणि आधारवरचं नाव यांत वडिलांच्या नावाचा फरक होता, तो आधी दुरुस्त करावा लागला. लग्नानंतर नाव बदलणाऱ्या मुलींनी हे आधीच बघावं. एकदा परवाना एका नावाने निघाला की ऑनलाइन प्रणालीतलं नाव, डिजिटल सही आणि पॅन हे तिन्ही जुळावे लागतात.

दुसऱ्या दाराचा, म्हणजे अभियंत्याचा परवाना आत्ताच काढावा का? इथे मतभेद होऊ शकतो. माझं मत काढावा असं आहे, दोन अटींवर. एक, नेमणूकपत्रात बाहेरचं काम करायला मनाई आहे का ते वाचावं आणि नसली तरी सरांना सांगूनच करावं. दोन, सुरुवात फक्त तिथे करावी जिथे स्वतः पोचता येतं. वडिलांची तळमजला अधिक एक अशी लहान घरं हा चांगला प्रारंभ. पण तीही हलकी समजू नयेत. यूडीसीपीआरमध्ये १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला कमी जोखमीचं धरलं आहे. तांत्रिक व्यक्तीने कागद सादर केले आणि पैसे भरले की पोच हीच परवानगी. १५० ते ३०० मध्येही तांत्रिक व्यक्तीच्या दाखल्यावर दहा दिवसांत परवानगी मिळते. म्हणजे पूर्वी नगरपरिषदेचा इंजिनिअर जे तपासायचा ते आता सही करणाऱ्याने तपासायचं आहे: रस्त्याची रुंदी, समासातली अंतरं (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), बांधकामाचं क्षेत्र. चूक झाली तर परवाना त्याचा जातो. आणि ठेकेदार वडील, देखरेख मुलीची, असं असेल तर साइटवर ‘ही रिंग काढा, परत बांधा’ म्हणणं अवघड जातं. पहिल्या घरापासूनच सूचना रजिस्टरमध्ये लिहायची सवय लावली तर निदान भांडण कागदावर राहतं, जेवणाच्या ताटावर येत नाही.

पाटीबद्दल एक. गावोगाव ‘आर्किटेक्ट अँड इंजिनिअर’ अशा पाट्या दिसतात. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं की १९७२ चा कायदा ‘आर्किटेक्ट’ या बिरुदाला संरक्षण देतो, इतरांना घरांचे नकाशे करायला बंदी करत नाही. म्हणजे परवानाधारक अभियंत्याने नकाशे करावेत, पण नोंदणी नसताना पाटीवर, लेटरहेडवर किंवा व्हिजिटिंग कार्डवर आर्किटेक्ट लिहू नये.

डिजिटल सहीचा डोंगल, म्हणजे यूएसबी चावी, ही सांभाळायची आणखी एक जागा. ऑनलाइन फाइल चढवणारे एजंट ‘डोंगल आणि पासवर्ड आमच्याकडे ठेवा, तुम्हाला यायला नको’ असं सुचवतात. सोय असते खरी. पण त्या डोंगलने कोणती फाइल चढली हे सही करणाऱ्याला नंतर कळतं, आणि नोंदीत नाव तिचंच असतं. नकाशाची मूळ फाइल स्वतः तपासायची, ओटीपी स्वतःच्या फोनवर घ्यायचा, आणि महिन्यातून एकदा लॉगिन करून आपल्या नावावर कोणकोणती प्रकरणं दिसतात ते बघायचं. अनोळखी प्रकरण दिसलं तर त्याच दिवशी नगररचना विभागाला लेखी कळवून पोच घ्यायची. एखाद्या कामातून बाहेर पडताना हेच: मालकाला पत्र, प्राधिकरणाला पत्र, साइटवर काम कुठपर्यंत आलं याचे तारखेचे फोटो. तांत्रिक व्यक्ती बाहेर पडली की नवी नेमेपर्यंत काम थांबवावं लागतं, म्हणून मालक ‘राहू द्या की नाव’ असं म्हणतो. राहू द्यायचं नाही.

आठ महिन्यांनंतरच्या अर्जासाठी तिने जमवायला घेतलेली फाइल अशी आहे: पदवी आणि गुणपत्रकं, सभासद प्रमाणपत्र, दोन वार्षिक दाखले आणि तिसऱ्याचा मसुदा, साइट वहीच्या प्रती, फॉर्म १६. परवाना गावच्या नगरपरिषदेकडे काढायचा की पुण्यात, आणि एका ठिकाणचा दुसरीकडे कितपत चालेल, हे नगररचना विभागात लेखी विचारून ठेवलं आहे. बिल्डरची फाइल दरम्यान दुसऱ्या कुणाच्या तरी सहीने पुढे गेली. कॉलम ३०० चे झाले की २३० चेच राहिले, ते पार्किंगमध्ये टेप लावल्याशिवाय कळणार नाही.